आहेर आणि जामीन

घाटकोपरला मेट्रोचा जिना चढताना खिशातला फोन थरथरला. मुलुंडहून लोकलनं यायचं, गर्दीतून जिना गाठायचा, तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी टाकायची आणि पलीकडे दुसऱ्या कुणी उचलायच्या आत आपली उचलायची. या गडबडीत फोन बघू नये. तरी बघितला. लिंक्डइनचा निरोप होता: अमुक अमुक यांनी तुमचं 'निगोशिएशन' हे कौशल्य एन्डॉर्स केलं आहे.

निगोशिएशन म्हणजे वाटाघाटी. आपल्या रोजच्या भाषेत घासाघीस. काल संध्याकाळीच मुलुंड स्टेशनबाहेर भाजीवालीनं कोथिंबिरीच्या जुडीचे तीस रुपये सांगितले आणि मी तीस दिले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तसलीच जुडी वीसला घेतली, तीही माझ्या देखत, मी पिशवीला गाठ मारत असताना. तेव्हा असल्या माणसाच्या घासाघिशीची ग्वाही देणारा हा कोण, म्हणून नाव पुन्हा वाचलं. चेहरा आठवायला साकीनाका यावा लागला. पुतणीच्या लग्नात, बोरिवलीच्या हॉलमध्ये, आम्ही एका टेबलावर जेवलो होतो. त्यांनी जिलेबी वाढून घेतली, मी मठ्ठा. वाटाघाट म्हणावी असं आमच्यात काही घडलं नव्हतं.

पुढं मी काय केलं तेही सांगायला हवं. मरोळ नाका यायच्या आत मी त्यांचं पान उघडलं, त्यांच्या यादीत सगळ्यात वर असलेल्या 'टीम मॅनेजमेंट'समोरचं बटण दाबलं आणि फोन खिशात टाकला. त्यांची टीम मी पाहिलेली नाही. ते कुठं काम करतात हेही पान उघडल्यावर कळलं. पण त्यांनी आपल्याला एक दिलं, आपण त्यांना एक दिलं. फिट्टंफाट.

यात मला नवं काहीच वाटलं नाही, कारण हा प्रकार आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याला आहेर म्हणतात. एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट, आत शंभराची नोट, वर नाव आणि गाव. लग्न उरकलं की घरातलं कुणीतरी जाणतं माणूस वहीत नोंद करतं आणि पुढच्या लग्नसराईत तेवढाच आहेर त्या घरी परत जातो. आहेर देणारा नवरामुलगा कर्तबगार आहे असं प्रमाणपत्र देत नसतो. तो म्हणत असतो, मी आलो होतो, माझी आठवण ठेवा. लिंक्डइनवरच्या कौशल्याच्या पावत्या याच जातीच्या. त्यांना आहेर म्हणून घेतलं तर त्यात वावगं काही नाही. घोटाळा होतो तो वही उघडून 'माझे नव्याण्णव आहेर आले, म्हणजे मी किती गुणी' असं आपण मानायला लागतो तेव्हा. लिंक्डइनवर तर नव्याण्णवच्या पुढं आकडाच दाखवत नाहीत, नुसती अधिकची खूण येते.

हे झालं कसं, तेही थोडं बघू. लिंक्डइन सुरू झालं २००३ च्या मे महिन्यात. ओळखीच्या माणसाबद्दल चार ओळी लिहून द्यायची सोय तिथं आधीपासून होती, आजही आहे. पण चार ओळी लिहायच्या तर बसावं लागतं, त्या माणसाचं काम आठवावं लागतं, विशेषण निवडावं लागतं. लोक कंटाळतात. २०१२ च्या सप्टेंबरात नुसतं बटण दाबून कौशल्याला मान्यता देण्याची सोय आली आणि हे कष्ट वाचले. सुरुवातीच्या काळात तर ओळखीच्या कुणाचं पान उघडलं की माथ्यावरच पट्टी यायची, या व्यक्तीकडे ही ही कौशल्यं आहेत का? सगळ्यांना एकदम मान्यता द्यायचं बटण हाताशीच असायचं. पट्टी बाजूला सारता यायची, पण 'नाही, हे काही यांना जमत नाही' असं म्हणायला जागा नव्हती. आजही नाही. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

त्यासाठी नाक्यावर जावं लागेल.

उपनगरात राहणाऱ्याला मजूर नाका सांगायला नको. सकाळी आठच्या सुमारास माणसं येऊन उभी राहतात. ज्याच्या हातात ब्रश आणि रोलर तो रंगारी, ज्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतो तो गवंडी, नुसतं घमेलं घेतलेला बिगारी. कुणाच्याही छातीवर कौशल्यांची यादी नसते. हत्यार हीच ओळख, आणि ते किती झिजलंय हे जाणत्याला दिसतं. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी उतरायला लागलं. नाक्यावरचा एक गवंडी माझ्या माहितीतला होता. त्याच्याकडे गेलो तर त्याच्या हातात दुसरं काम होतं. शेजारी त्याचाच चुलतभाऊ उभा. मी म्हटलं, मग याला नेऊ का?

तो म्हणाला, "साहेब, भिंत असंल तर डोळं झाकून न्या. प्लास्टर माझ्यापेक्षा चांगलं करतो. बाथरूमचं मात्र नका देऊ त्याला."

चुलतभाऊ तिथंच उभा होता. त्याला राग आला नाही, त्यानं मान हलवली. मी चार दिवस थांबलो आणि पहिल्यालाच नेलं. त्यानं लादी उखडली, नहाणी ट्रॅपच्या कडेची फट शोधली, खालचा कोबा नव्यानं घातला आणि एक अख्खा दिवस बाथरूममध्ये पाणी भरून ठेवून खालच्यांच्या छताकडे बघून आला. पुढं हॉलची भिंत करायची निघाली तेव्हा मी कुणालाही न विचारता चुलतभावाला बोलावलं. 'बाथरूम नको' म्हणणाऱ्यानं 'भिंत द्या' म्हटलं होतं, म्हणून ते मला खरं वाटलं. नुसतं 'सगळं येतं त्याला' म्हणाला असता तर मी दोघांनाही टाळलं असतं.

या नाक्याशी सरकारचाही एक कागद जोडलेला आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्यात हात किती कुशल, हा प्रश्नच नाही. दिवस किती भरले, एवढंच. ज्याचा मालक दर दोन दिवसांनी बदलतो त्यानं या दाखल्यावर सही कुणाची आणायची, हा त्या माणसांचा खरा प्रश्न. शंभर घरांच्या भिंती ज्याच्या हाताच्या आहेत त्याला एक सही मिळायची मारामार, आणि मला लग्नात भेटलेल्या माणसाकडून न मागता पावती. असो.

सहीचा विषय निघालाच आहे तर माझी एक सही सांगतो. १९९४ साल. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेबाच्या टेबलावर होतो. आमच्याकडे एक ड्राफ्ट्समन होता. काय हात होता त्या माणसाचा! शाईनं काढलेली रेघ अशी की मोजपट्टीनं मान खाली घालावी. ऑफिसच्या पतपेढीतून त्याला पंधरा हजारांचं कर्ज हवं होतं आणि अर्जावर दोन जामीनदार लागत होते. तो कागद घेऊन आला, मी पेन उघडलं आणि जामीनदार क्रमांक दोन म्हणून सही केली. विचारलं काहीच नाही. असली रेघ काढणारा माणूस हप्ता चुकवेल हे मनातसुद्धा आलं नाही.

आठ महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. कुठं, ते कुणालाच कळलं नाही. त्यानंतर दीड वर्ष माझ्या पगारातून दरमहा साडेतीनशे रुपये कापले गेले. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मी ते कलम सही केल्यानंतर वाचलं. घरी बायकोनं एकच प्रश्न विचारला, "तुम्ही त्याची चित्रं बघून सही केलीत?" उत्तर 'हो' असंच होतं.

मला अजून वाटतं की तो माणूस वाईट नव्हता, अडलेला असावा. चूक माझी. त्याच्या ड्रॉइंगची हमी मी कुणापुढंही, कितीही वेळा दिली असती आणि ती खोटी ठरली नसती. मी हमी दिली ती परतफेडीची, जी मी कधी पाहिलेलीच नव्हती. नाक्यावरच्या गवंड्याला भिंत आणि बाथरूम यांतला जो फरक कळत होता, तो हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्याला कळला नाही. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची, तीही आपण अशीच डोळे मिटून द्यायचो. केवायसी आलं आणि ओळखदार मागं पडला. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

मराठीत 'शब्द टाकणे' म्हणतात. शिफारस हा शब्द फारसीतून आला, वशिला अरबीतून, पण शब्द टाकणं आपलं. पटावर सोंगटी टाकावी तसा तो टाकायचा असतो, आणि एकदा टाकला की आपला काहीतरी भाग त्याच्याबरोबर डावावर लागतो. बटण दाबण्याला शब्द टाकणं कुणी म्हणणार नाही.

एव्हाना अंधेरी आलं होतं. या वेळेला स्टेशनच्या परिसरात डबेवाल्यांची लगबग असते. घराघरांतून सायकलीनं गोळा केलेले डबे स्टेशनवारी लावले जातात आणि लांबलचक फळीवर रचून, डोक्यावरून लगेजच्या डब्यात चढतात. डब्याच्या झाकणावर जेवणाऱ्याचं नाव नसतं. रंग, आकडे आणि अक्षरं असतात: कुठून उचलला, कुठं उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या धंद्यात नवा माणूस येतो तो बहुधा मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातून, आणि येतो तो कुणाच्या तरी शब्दावर. ज्यानं शब्द टाकला त्याला पुढं त्याच गटात, त्याच लोकलला, त्याच माणसाबरोबर रोज डबे उचलायचे असतात. नव्यानं घोळ घातला तर गावच्या जत्रेलासुद्धा विषय निघतो.

आणि गंमत बघा, जगभर डबेवाल्यांचं नाव झालं ते या शब्दामुळं झालं नाही. १९९८ मध्ये फोर्ब्सच्या जागतिक आवृत्तीत सुब्रत चक्रवर्ती यांचा लेख आला. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख रघुनाथ मेदगे यांना त्यांनी विचारलं होतं की चूक किती वेळा होते. मेदगे म्हणाले, जवळपास नाहीच, दोन महिन्यांतून एखादी. रोजच्या पावणेदोन लाख डब्यांशी ते गणित जुळवून चक्रवर्तींनी ऐंशी लाख फेऱ्यांत एक चूक असा आकडा छापला. पुढं या आकड्याला पाय फुटले. कुणीतरी त्याला सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचा दर्जा, म्हटलं, मग फोर्ब्सनंच डबेवाल्यांना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र दिलं असं सगळे सांगायला लागले. व्यवस्थापनाच्या वर्गांत, कंपन्यांच्या सभांत, पुस्तकांत. चक्रवर्तींनी नंतर स्पष्ट केलं की फोर्ब्सनं असं काही दिलेलं नाही आणि लेखात आपण तो शब्दही वापरला नव्हता. पण तोवर इतक्या जणांनी बटण दाबलं होतं की खरं सांगणाऱ्याचाच आवाज बारीक वाटावा.

डबेवाल्यांच्या कामाला या कथेची गरज नव्हती. हार्वर्डच्या स्टीफन थॉमके यांनी नंतर त्यांच्या पद्धतीचा नीट अभ्यास केला आणि त्यांना काम करणारे सुमारे दोनशे गट, प्रत्येकात साधारण पंचवीस माणसं, आपसांत बांधलेली, अशी रचना सापडली. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की मूळ उत्तर फार प्रामाणिक होतं. दोन महिन्यांतून एखादी चूक होते, असं कामाचा प्रमुख स्वतः सांगतो. त्या 'एखादी'मुळं उरलेल्या सगळ्या बिनचूक डब्यांवर विश्वास बसतो. जगानं नेमकी तीच काढून टाकली आणि वर एक बिरुद चिकटवलं.

म्हणजे लिंक्डइनवर जाऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. माझा एक शाळासोबती वर्षानुवर्षं भरतीचं काम करतो. त्याला विचारलं, तू हे आकडे बघतोस का? म्हणाला, "आकडा नाही बघत. नावं बघतो. वेल्डिंगला वेल्डरनं हो म्हटलंय की मेव्हण्यानं, ते तिथं दिसतं ना." शिवाय यादीत शब्द असला तर शोधणाऱ्याला माणूस सापडतो, हा उपयोग आहेच. आणि त्या जागेची खरी ताकद वेगळीच आहे. अमेरिकेत मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची खबर जिवलगांकडून येण्यापेक्षा क्वचित भेटणाऱ्यांकडून जास्त येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या जरा दूरच्या ओळखी; अगदी जवळच्या नाहीत आणि अगदी परक्याही नाहीत. लोकलनं जाणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. आपल्या रोजच्या ग्रुपला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी आणतो तो महिन्यातून एकदा चुकून आपल्या डब्यात चढणारा. त्या हिशेबानं जिलेबीवाले गृहस्थ माझ्या फार उपयोगाचे आहेत. फक्त त्यांनी माझ्या घासाघिशीबद्दल बोलू नये.

मागच्या महिन्यात बोरिवलीच्या भाच्यानं फोन केला. "मामा, मला लीडरशिपला एन्डॉर्स कर ना." मी म्हटलं, तुझी लीडरशिप मी बघितलेली नाही, तू आमच्या गणपतीत आरतीची ताटं सुद्धा दुसऱ्याला घ्यायला लावतोस. तो म्हणाला, "तीच तर लीडरशिप, मामा." उत्तर हजरजबाबी होतं, पण बटण मी दाबलं नाही. त्याऐवजी संध्याकाळी बसून त्याच्याबद्दल तीन ओळी लिहिल्या. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचा तीन वर्षांचा रखडलेला हिशेब त्यानं चार रविवारांत एक्सेलमध्ये बसवून दिला होता. मेंटेनन्सच्या पावत्यांमधला अठराशे रुपयांचा फरक त्यानंच शोधला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढंच लिहिलं, आकड्यासकट. आणि तिसरी ओळ अशी घातली: वेळेच्या बाबतीत त्याला आठवण करून द्यावी लागते, एकदा बसला की मात्र काम पुरं करूनच उठतो.

रात्री त्याचा मेसेज आला. "भारी लिहिलंयस. फक्त शेवटची ओळ काढ ना प्लीज."

मी कळवलं की ती ओळ काढली तर वरच्या दोन ओळी कुणी वाचणार नाही. त्यानं हसरा चेहरा पाठवला. ती शिफारस त्यानं अजून आपल्या पानावर घेतलेली नाही.

अंधेरीच्या पुलावर गर्दी तुंबली होती आणि खाली डबे चढवायची घाई चालली होती. कठड्याला टेकून मी पुन्हा फोन काढला. आधी त्या गृहस्थांना दिलेली 'टीम मॅनेजमेंट'ची पावती मागं घेतली. मग त्यांना निरोप लिहिला: नमस्कार, लग्नात भेटलो होतो, तुमच्या कामाविषयी ऐकायला आवडेल, कधी या बाजूला आलात तर चहा घेऊ. त्यानंतर माझ्या पानावरची कौशल्यांची यादी उघडली आणि 'निगोशिएशन' काढून टाकलं. त्याला एकूण अकरा जणांची मान्यता होती. तीही त्याबरोबर गेली.